शपथविधी आणि निर्देशांक

मुंबई शेअर बाजारातील 30 मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढला जाणारा सेन्सेक्स हा निर्देशांक राजकीय स्थैर्याचा निस्सीम भक्त मानला जातो, आणि 17 मे 2004 रोजी, डाव्यांच्या पाठिंब्याचे सरकार येणार या धास्तीने व्यवहार दोनदा थांबवावे लागूनही तो 11 टक्क्यांहून अधिक घसरला, हा त्या भक्तीचा पुरावा म्हणून सांगितला जातो.

महाराष्ट्रापुरती मात्र ही भक्ती पातळ दिसते. 23 नोव्हेंबर 2019 रोजी राजभवनात देवेंद्र फडणवीस यांचा ‘पहाटेचा’ शपथविधी उरकला, 26 ला त्यांनी राजीनामा दिला आणि 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली. निर्देशांक 25 ला विक्रमी पातळीवर बंद झाला आणि 28 ला त्याहून वरच्या, म्हणजे राज्याचा मुख्यमंत्री कोण याचे त्याला फारसे सोयरसुतक नव्हते.

नगर शहराजवळ, केडगावलगतच्या नेप्ती उपबाजारात, जिथे लिलावाला गोणी फोडून कांदा पारखला जातो आणि मगच बोली लागते, बाजाराची संवेदनशीलता वेगळ्या जातीची आहे. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यातबंदी, म्हणजे परदेशी विक्रीस मनाई, जाहीर केली. कोणी राजीनामा दिला नाही, कोणी शपथ घेतली नाही, तरी राज्यभर कांद्याचे भाव कोसळले. बंदी उठली 4 मे 2024 रोजी. नगर मतदारसंघात लोकसभेचे मतदान 13 मे रोजी होते.