फुकटच्या उपायाला गिऱ्हाईक नसते

गाडीतल्या संगीताच्या दोन अवस्था असतात. पहिलीत कंपनीने बसवून दिलेला स्टिरिओ असतो, आवाज बेताचा असतो आणि मालकाची काही तक्रार नसते. दुसरीत टचस्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ असतो, डिकीत चार चॅनलचा अ‍ॅम्प असतो, शेजारी बेसट्यूब असते, मालकाचे चाळीस-पन्नास हजार गेलेले असतात आणि इंजिन सुरू केल्याबरोबर प्रत्येक गाण्यामागे एक बारीक शिट्टी सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वरच्या पट्टीत चढते, पाय उचलला की खाली उतरते. यमन असो की लावणी, साथीला हीच. एवढ्या खर्चानंतर गाडी स्वतःच गायला लागली याचा खरे तर मालकाला अभिमान वाटायला हवा. पण त्याला दुकान आठवते.

दुकानात या शिट्टीवर इलाज आहेत आणि ते सगळे खोक्यात मिळतात. आधी स्टिरिओच्या वायरीत घालायचा नॉइज फिल्टर. तो चालला नाही तर स्टिरिओतले गाणे मागे नेणाऱ्या आरसीए केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. मग बोटाएवढी जाड, सोनेरी टोकांची आरसीए केबल. मग निळे आकडे दाखवणारा एक फॅरडचा कपॅसिटर. आणि शेवटी, ‘साहेब, तुमचा अ‍ॅम्पच हलका आहे.’ यातल्या प्रत्येक पायरीला काहीतरी विकत घ्यावे लागते. उलट या शिट्टीचे जे कारण सर्वांत जास्त वेळा सापडते, ते घालवायला एक पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. अ‍ॅम्पची अर्थिंगची काळी वायर ज्या बोल्टखाली आवळली आहे तिथला रंग उघडा पत्रा दिसेपर्यंत घासायचा आणि बोल्ट पुन्हा घट्ट करायचा. हा उपाय फुकट आहे आणि केल्यावर कुणाला दिसत नाही, म्हणूनच तो सर्वांत शेवटी केला जातो, असे माझे म्हणणे आहे.

आधी शिट्टीची कुळकथा. बॅटरी भरते ती ऑल्टरनेटरमुळे. मेकॅनिक आजही त्याला डायनामोच म्हणतात. त्यात तयार होते ती एसी, तीन फेजची, आणि सहा डायोड मिळून तिची डीसी करतात. ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. आतला रोटर नेहमीसारखा बारा ध्रुवांचा असेल तर त्याच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा उठतात. पट्ट्यामुळे तो इंजिनच्या अडीचपट वेगाने फिरतो असे धरले, तर इंजिन ८०० आरपीएमवर नुसते उभे असताना १,२०० हर्ट्झचा सूर निघतो आणि २,५०० आरपीएमला तोच ३,७५० हर्ट्झवर जातो. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टापूत. म्हणजे आपल्याला नेमका जिथे त्रास होईल तिथेच ही शिट्टी येऊन बसते. दुखणे जुनेच आहे. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये मोटारीतला रेडिओ आणला, त्याचे नाव मोटोरोला. तेव्हा डोकेदुखी होती ती स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची, त्या रेडिओत तडतडत. त्या रेडिओवर राबलेल्यांत एल्मर वेव्हरिंग नावाचा तरुण होता आणि पुढे मोटोरोलातच मोटारीचा ऑल्टरनेटर विकसित करण्यातही त्याचा हात होता. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून ऑल्टरनेटर रीतसर गाडीत आला. गाडीत गाणे आणणाऱ्यांपैकीच एकाने त्याच्या साथीची सोय करून ठेवली, असे म्हणायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, दोष सरळ ऑल्टरनेटरचा दिसतो, त्यात बिचाऱ्या बोल्टाला का ओढता? पण ऑल्टरनेटर कंपनीचा स्टिरिओ होता तेव्हाही होता, आणि तेव्हा शिट्टी नव्हती. बदलली ती जोडणी. गाडीत परतीची वेगळी वायर नसते, अख्खी बॉडी हीच परतीची वायर. स्टिरिओची अर्थिंग डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पची अर्थिंग तीन मीटर मागे डिकीत, आणि या दोघांना जोडणारा आणखी एक चोरवाटेचा धागा म्हणजे आरसीए केबलचे बाहेरचे कवच. अ‍ॅम्पची काळी वायर स्वच्छ पत्र्याला भिडलेली असेल तर सगळा करंट तिथून परत जातो. ती रंगावर, सीलंटवर किंवा डिकीच्या झाकणाला लावली असेल (झाकण बॉडीला जोडलेले असते बिजागरीने, आणि बिजागरीत असते ग्रीस) तर वाटेत अडथळा येतो. तो अडथळा एक शतांश ओहमचा जरी धरला, तरी ३० अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच पडतात. स्टिरिओमधून गाण्याचा सिग्नल निघतो तो जोरात असताना दोन-चार व्होल्टचा, हळू आवाजात काही मिलिव्होल्टचा. त्या ०.३ व्होल्टमधला लाटांचा अंश मिलिव्होल्टात असला तरी तो आरसीएच्या कवचातून गाण्याच्या पंगतीत बसतो आणि अ‍ॅम्प दोघांनाही सारखेच वाढतो. त्यातून अ‍ॅम्पवरचा गेनचा नॉब म्हणजे आवाजाचे बटण अशी समजूत असल्याने तो शेवटपर्यंत पिळलेला असतो. खरे तर तो स्टिरिओच्या व्होल्टेजशी मेळ घालायला दिलेला असतो.

हे सगळे दहा मिनिटांत तपासता येते आणि इथेच गंमत आहे. सिस्टिम बंद करून अ‍ॅम्पमधून आरसीए काढा आणि मग सिस्टिम व इंजिन चालू करा. शिट्टी थांबली नाही तर दोष अ‍ॅम्पच्या पुरवठ्यात, अर्थिंगमध्ये किंवा खुद्द अ‍ॅम्पमध्ये. थांबली तर ती आरसीएच्या वाटेने येत होती. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती तेवढीच राहत असेल, तर ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर कुठेतरी घुसते. इंजिन बंद, किल्ली फक्त एका टप्प्यावर, तरीही भुणभुण येत असेल तर ऑल्टरनेटर निर्दोष. डिझेल गाडीत टकटक ऐकून ‘प्लगचा आवाज आहे’ असे निदान झाले तर दुकान बदलावे, कारण डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारे प्लगच नसतात. एवढ्यासाठी लागतो तो चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि अ‍ॅम्पचे अर्थिंगचे टोक यांवर त्याच्या सुया धरायच्या, गाणे जोरात लावायचे आणि आकडा वाचायचा. तो ०.१ व्होल्टच्या बराच वर गेला की बोल्टाकडे जायचे. पण तपासणीत काही विकले जात नाही, त्यामुळे ती ‘वेळखाऊ’ ठरते. अ‍ॅम्प बदलणे मात्र पाऊण तासात होते.

‘आयसोलेटर लावला आणि शिट्टी खरोखर गेली, मग बिघडले कुठे?’ हा आक्षेप वजनदार आहे. शिट्टी जाते हे खरे. आयसोलेटर म्हणजे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर; ते अर्थिंगचा धागा तोडतात आणि गाणे चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे पोचवतात. पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरच्या लहानशा गाभ्याला खालचे सूर पेलवत नाहीत, आणि बेसट्यूब घेतली होती ती त्याच खालच्या सुरांसाठी. ढोल गेला, शिट्टी गेली, पैसे दोन्हीकडचे गेले. आयसोलेटरला त्याची जागा आहे, ती म्हणजे फोन एकाच वेळी चार्जरला आणि ऑक्स केबलला जोडल्यावर होणारी भुणभुण. तिथेही चार्जरची पिन काढून पाहणे हा आधीचा आणि बिनखर्चाचा उपाय आहेच. आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने ओढली म्हणून आवाज येतो, हेही कधी कधी खरे असते. पण त्यासाठी अख्खी मॅटिंग उचकटायची गरज नाही. एक सुटी आरसीए सीटांवरून सरळ मागे टाकावी. आवाज गेला तर दोष वाटेचा किंवा जुन्या केबलचा, नाही गेला तर मॅटिंग वाचली. काही स्टिरिओंत आरसीएच्या कवचाला आतून केसासारखी बारीक फ्यूज असते, आणि सिस्टिम चालू ठेवूनच जोडाजोड करणाऱ्या कारागिराच्या हातून ती जाते. तिथे बोल्ट घासून काही होणार नाही. ऑल्टरनेटरचा डायोड गेला असेल तेव्हाही नाही. मल्टिमीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर तसा संशय घ्यावा. ही सगळी कारणे खरी आहेत. माझा वाद फक्त क्रमाशी आहे: ज्याला पैसे पडत नाहीत ते आधी करून पाहावे, आणि बाजाराचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

कपॅसिटरचे थोडे वेगळे आहे, कारण त्याच्यावरची श्रद्धा जास्त खोल आहे. एक फॅरड ऐकायला भारदस्त वाटतो. १४ व्होल्टला त्यात साठतात ९८ ज्यूल, म्हणजे हजार वॅटच्या मागणीला सेकंदाच्या एका दशांशापुरते. दणका बसताना दिवे मिचकावणे त्याने थोडे कमी होईल, शिट्टीशी त्याचा फारसा संबंध नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधलेली असतेच, निदान ती स्वस्त पडते. पण कपॅसिटरवर निळे आकडे दिसतात आणि डिकी उघडून मित्रांना ते दाखवता येतात. ज्या खोक्यावर तीन हजार वॅट छापलेले असते आणि बाजूलाच ३० अँपिअरची एक फ्यूज खोचलेली असते, ते खोके आपण त्याच भक्तिभावाने घेतो. तीस गुणिले चौदा म्हणजे ४२० वॅट, हे पाचवीतल्या मुलाला येते. पण फ्यूजवरचा आकडा लहान असतो आणि खोक्यावरचा मोठा.

‘आपल्याकडच्या हॉर्नच्या गोंगाटात ती शिट्टी ऐकू कुणाला येते?’ असे विचारणारेही भेटतात. तिला नेमका चौकातला सिग्नल आवडतो: काचा बंद, एसी मंद, गाण्यातला आलाप संपून क्षणभर थांबलेला. त्यावर लोकप्रिय उपाय म्हणजे आवाज वाढवणे, आणि तो वाढवायचा तर मोठा अ‍ॅम्प हवा, त्याला करंट जास्त हवा, आणि तो करंट परत जाणार त्याच रंगवलेल्या बोल्टावरून.

मग दुकानदाराला दोष द्यावा काय? तो तरी काय करणार! ‘रंग खरवडला, दोनशे रुपये’ असे बिलात लिहिले तर गिऱ्हाईक हुज्जत घालते. तेच गिऱ्हाईक अडीच हजारांच्या फिल्टरवर शंभर रुपये सूट मिळाली म्हणून खूश होते. हातातले कसब मोजायची आपल्याला सवय नाही, मोजायला खोके लागते. तेव्हा या धंद्याला माझी एक व्यवहारी सूचना आहे. ही खरवडण्याची क्रिया ‘जर्मन ग्राउंड ट्रीटमेंट’ या नावाने विकावी. किंमत २,९९९. सोबत सहा महिन्यांची वॉरंटी, काचेला एक स्टिकर आणि बोल्टाला निळ्या दिव्याची टोपी. काम प्रामाणिकपणे करावे: लोखंडी पत्र्यापर्यंत घासावे, वायर बॅटरीकडून आलेल्या लाल वायरीइतकीच जाड आणि हातभराहून आखूड ठेवावी, थिंबल दाबून बसवावी, सीटबेल्टच्या बोल्टाला मात्र हात लावू नये. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग फासावा, नाहीतर कोकणातल्या पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरेल आणि शिट्टी वॉरंटीच्या आत परत येईल. गिऱ्हाइकाला बाहेर चहा द्यावा. पॉलिश पेपर त्याला दिसू देऊ नये.