घरचा टायगर

पोंभुर्ण्यात कुत्र्याचं नाव टायगर ठेवायला छाती लागते. पुण्या-मुंबईकडे हे नाव सहज खपून जातं. तिथला टायगर सोफ्यावर लोळत बिस्किटं खातो, आणि खरा टायगर बघायचा असला की माणसं रजा टाकून, जिप्सी बुक करून ताडोब्याला येतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात बुकिंग लागत नाही. मध्य चांदा वनविभागाचं जंगल धानाच्या बांध्यांना खेटून उभं आहे, आणि कातरवेळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कोणी "टायगर आला रे!" असं ओरडलं, तर त्या आनंदात इतर लोक सामील होत नाहीत. ते दारं लावून घेतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी ही आरोळी अशीच एका संध्याकाळी ठोकली. शेतावरून येणारी दोन माणसं सायकली टाकून शाळेच्या भिंतीवर चढली. तेव्हापासून त्या घरात "आपला टायगर आला" असं म्हणायचा नियम झाला. नाव मात्र बदललं नाही. नातीने बारशाचे पेढे वाटले होते. ते परत मागायचे कुणाकडे?

टायगर रंगाने तांबडा, कानाने एकीकडे उभा आणि एकीकडे पडलेला, जातीने शंभर टक्के गावठी. घरात त्याचं छान चाललं होतं. मग नातू रांगायला लागला आणि टायगरचा प्रश्न ऐरणीवर आला.

पहिली तोफ मूल गावच्या आत्याबाईंनी डागली. "काहून वं माय, रांगत्या पोराजवळ कुत्रा ठेवून राहिल्या? कुत्र्याच्या केसानं पोराले दमा होते!" आत्याबाईंचं ज्ञान परंपरेने आलेलं असल्यामुळे त्याला पुरावा लागत नाही. पण स्वीडनमधल्या संशोधकांनी पुरावा गोळा केला होता. तिथे कुत्र्यांचीही सरकारदरबारी नोंद होते. 2015 साली त्यांनी सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी कुत्र्यांच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या, आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात ज्यांच्या घरी कुत्रा होता त्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे 13 टक्क्यांनी कमी आढळलं. आधीपासूनच कुत्र्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हा हिशेब लागू नाही, हे खरं. सूनबाईंनी हे आत्याबाईंना वाचून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, "तिकडचे कुत्रे रोज आंघोळ करत असतीन."

म्हणजे सूनबाई कुत्र्याच्या बाजूच्या, असं कोणी समजू नये. दम्याचा मुद्दा खोडल्यावर त्यांनी आपला मुद्दा काढला: दातांचा. यावर आजोबांनी थेट देवादिकांना साक्षीला बोलावलं. खंडोबाला कुत्रा प्रिय आहे. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. आणि दत्तगुरूंच्या पायाशी तर चार-चार कुत्रे.

"मामाजी," सूनबाई म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, पण रांगतं पोरगं एकही नाही."

आजोबा गप्प बसले, पण हरले नाहीत. चहा झाल्यावर ते वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरले. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 1973 च्या डिसेंबरात गेले, लोक बिरादरी प्रकल्प उभा राहिला, पुढे शिकारीत अनाथ झालेली पिल्लं तिथे वाढू लागली, आणि आमट्यांची मुलं बिबट्या-अस्वलांच्या संगतीत लहानाची मोठी झाली. "तिथं बिबट चालते, अन् आपल्या घरी कुत्रा नाई चालत?" सूनबाईंनी याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. तिथे आईबाप दोघंही डॉक्टर, आणि ते जनावरांकडे बघत असत. इथे दुपारी पोराकडे बघायची पाळी आजोबांची, आणि आजोबा बघतात मोबाइलकडे.

इथेच खरी गोम आहे, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. कुत्रा आणि मूल यांच्या भानगडीत तिसरा प्राणी मोठा माणूस असतो, आणि सगळ्यात बेभरवशाचा तोच. 'आमचा चावत नाही' हे वाक्य त्याचंच. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात मुलांना चावलेल्या 103 कुत्र्यांचा अभ्यास झाला. तो 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा पूर्वेतिहास माहीत होता त्यांतल्या 66 टक्के कुत्र्यांनी त्याआधी कुठल्याही मुलाला दात लावला नव्हता. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत ते सगळे, मुलांपुरते तरी, 'आमचा चावत नाही' याच वर्गात पहिल्या नंबराने पास होत होते. ओळखीच्या मुलांना चावण्याचं सर्वांत मोठं कारण निघालं खाणं: मूल जेवणाऱ्या कुत्र्याजवळ गेलं. त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांना काही ना काही दुखणंही असावं, अशी डॉक्टरांना शंका होती. दुखऱ्या कानाला नातवाने प्रेमाने लोंबकळावं आणि कुत्र्याने ते प्रेम ओळखावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

टायगरच्या जेवणाचा प्रसंग बघण्यासारखा असतो. जर्मनची पोचे पडलेली थाळी, तीत भात, वरणाचं पाणी आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी बोंबलाचं डोकं. एकदा नातू ओसरीवरून उतरून त्या थाळीकडे निघाला. टायगरचं चपचप खाणं थांबलं. मान थाळीवरच राहिली, अंग ताठ झालं, शेपूट जागच्या जागी थिजली आणि डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसू लागला. आजी कौतुकाने म्हणाली, "पाहा, बाबूकडे कसा पाहून राहिला!" टायगरने ओठ वर ओढले, दात दिसले, आणि सहा वर्षांची नात टाळ्या पिटत ओरडली, "आजी, टायगर हसून राहिला!"

सूनबाईंनी धावत येऊन पोरगं उचललं म्हणून गोष्ट तिथेच संपली.

नातीचं मात्र चुकलं नव्हतं. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवून विचारलं, तेव्हा दात विचकलेल्या कुत्र्याला 'आनंदात आहे' म्हणणारी लहान मुलं बरीच निघाली. दात दिसले म्हणजे माणूस हसतो, एवढंच त्यांना ठाऊक. आजीचं वय साठीच्या पुढचं असल्यामुळे तिला ही सवलत मिळत नाही.

पुढे एकदा टायगर गुरगुरला, आणि आजोबांनी आपली जबाबदारी ओळखून त्याला चप्पल फेकून मारली. कुत्र्यांच्या वागणुकीचे जाणकार कपाळाला हात लावतात तो इथे. गुरगुरणं ही कुत्र्याची नोटीस आहे. नोटीस दिल्याबद्दल मार बसतो हे कळलं, की पुढच्या वेळी तो नोटिशीच्या भानगडीत पडत नाही, थेट जप्ती आणतो. नोटिशीच्याही आधी तो साधी पत्रं पाठवत असतो: झोप आलेली नसताना जांभया देतो, समोर खाणं नसताना ओठ चाटतो, तोंड फिरवतो, उठून दुसरीकडे जातो. आजोबांनी पोस्टात आयुष्य काढलं, पण ही पत्रं त्यांनी कधी फोडली नाहीत.

याच सुमारास दिल्लीहून एक यादी आली. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. टोसा इनू, फिला ब्राझिलेरो, डोगो अर्जेंटिनो, कंगाल अशी नावं वाचताना आजोबांची कवळी सैल झाली. टायगरचं नाव कुठेच नव्हतं. "पाहा, सरकारनंच सोडलं त्याले!" पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. टायगरला दोन्ही वेळा काही कळलं नाही. गावठी कुत्र्यालाही दात बेचाळीसच असतात, आणि रांगत्या मुलाचं तोंड त्या दातांच्या बरोबर उंचीवर असतं. मोठ्या माणसाला कुत्रा पोटरीला धरतो. लहान मुलाच्या जखमा डोक्या-तोंडावर होतात त्या यामुळेच.

उन्हाळा आला की मामला आणखी तापतो. अमेरिकेतल्या आठ शहरांमधल्या दहा वर्षांतल्या 69,525 चाव्यांचा हिशेब 2023 साली छापून आला. उन्हाच्या आणि गरमीच्या दिवसांत चावे वाढतात, असं त्यात दिसलं. चंद्रपूर जिल्ह्याला हे अमेरिकेने सांगायची गरज नव्हती. इथे मे महिन्यात माणसंसुद्धा एकमेकांशी जपून बोलतात. दुपारी टायगर रांजणाखालच्या ओल्या मातीत पाय पसरून पडलेला असतो, आणि नातवाला घोडा घोडा खेळायची लहर नेमकी तेव्हाच येते. सूनबाईंचा कायदा आता पाठ झाला आहे: तो जेवताना नाही, तो झोपलेला असताना नाही, त्याच्या गळ्यात पडायचं नाही, पाठीवर तर बसायचंच नाही, आणि हात लावायचा तो मोठं माणूस जवळ असताना, विचारून. जवळ म्हणजे जागं.

आजोबांना एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. टायगर तीन महिन्यांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला खताच्या पोत्यात बसवून, पोत्यातून फक्त मुंडकं बाहेर ठेवून, मोटारसायकलवरून ढोरायच्या दवाखान्यात नेलं आणि रेबीजची सुई टोचून आणली. तेव्हापासून दर वर्षी ही मिरवणूक निघते, जंतांचं औषधही वेळच्या वेळी होतं. यामागे त्यांचं स्वतःचं लहानपण आहे. त्यांना कुत्रा चावला होता तेव्हा घरच्यांनी जखमेवर आधी चुना आणि मग तिखट चोळलं, आणि वर पोटात चौदा इंजेक्शनं बसली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी दंडात, अगदी लहान मुलाला मांडीत, चार-पाच सुया घेतल्या की काम होतं. दात कातडी फाडून आत गेला असेल तर जखमेतच आणखी एक वेगळं औषध भरतात. पण त्याआधी घरच्या घरी करायचं काम आहे ते म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं. तिखट भाजीत टाकावं. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या शंभरातल्या नव्व्याण्णव केसेस कुत्र्यापासून येतात आणि रोग एकदा अंगात दिसू लागला की डॉक्टरांच्या हाती जवळपास काहीच उरत नाही. या एका विषयावर त्या घरात विनोद होत नाहीत.

पोंभुर्ण्याचा म्हणून एक वेगळा पेच आहे, तो शहरातल्या कुत्रेवाल्यांना कळायचा नाही. राखणीला म्हणून रात्री कुत्रा अंगणात बांधायची इथली पद्धत. पण ज्याच्यापासून राखण करायची त्या बिबट्याला कुत्राच आवडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने आहाराचा सुमारे 39 टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे अंगणात बांधलेला टायगर हा पहारेकरी कमी आणि वाढलेलं ताट जास्त. आणि त्याच अंगणात उन्हाळ्यात खाटा टाकून पोरं झोपतात. चंद्रपूरला लागूनच्या दुर्गापुरात 2022 साली बिबट्याने पोरांवर हल्ले केले, एका आईने काठीने झोडपून लेकीला सोडवलं. ही हकीकत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा टायगर रात्री घरात, असं ठरलं.

कुत्रा घरात आला, आणि पोरगंही घरातच. आजोबांनी मग ओळखीच्या बुरडाकडून बांबूची कमरेइतकी ताटी विणून घेतली आणि माजघराच्या दारात बसवली. अलीकडे पोरगं, पलीकडे कुत्रा. नातू आणि टायगर दोघांनीही ती लगेच मान्य केली. आजोबा मात्र रात्री पाणी प्यायला उठतात तेव्हा तिला नेमाने अडखळतात, आणि टायगर भुंकून सगळ्या घराला उठवतो. बिबट्याच्या नावाने भुंकायची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही.

नातीने कायदा सगळ्यात मनावर घेतला. शाळेतल्या पोरांनाही तो शिकवून झाला. दिवाळीत आत्याबाई आल्या आणि आल्या आल्या सवयीप्रमाणे दोन्ही हात पुढे करून नातवाचे गाल ओढायला निघाल्या, तर ही मध्ये उभी. "आत्याजी, आधी विचारायचं. तो आता जेवून राहिला."

आत्याबाईंनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाई करंज्या तळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ताटीपलीकडे टायगरने मोठी जांभई दिली. मग मूलच्या आत्याबाई, ज्यांनी आजवर पंचक्रोशीतल्या पोरांचे गाल परवानगीशिवाय ओढले, खाली बसल्या आणि वरणभाताने माखलेल्या त्या दीड वर्षाच्या पोराला म्हणाल्या, "काय रे बाबू, धरू का?"

बाबूने त्यांच्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.