कूळ असल्यास नाव लिहा

न्यू यॉर्कच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आणि त्याच ईमेलमध्ये ‘आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही’ असंही कळवून टाकलं. मग मेलबर्नमध्ये बसून मी त्यांना त्यांच्याच देशाचा कायदा शिकवायला घेतला.

ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी ई-थ्री नावाचा वेगळा व्हिसा आहे. 2005 साली दोन्ही देशांचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच वर्षी लष्करी खर्च व त्सुनामीग्रस्तांच्या मदतीच्या विधेयकात बसून हा व्हिसाही मंजूर झाला. वर्षाला 10,500 जागा, आणि त्या संपल्याचं काही ऐकिवात नाही. एचआरच्या बाई हे सगळं ऐकून घेत होत्या, पण ‘इतकं सोपं आहे म्हणजे नक्की फसवणूक’ हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

कंपनीने करायचं ते थोडकंच. कामगार खात्याकडे अर्ज करून बाजारभावापेक्षा कमी पगार देणार नाही असं कबूल करायचं. शिवाय त्या पदाचा पगार लिहून ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशा दोन ठिकाणी 10 दिवस सूचना लावायची. पुण्यात माझा पगार आईला कळला की सोसायटीला कळायला इतके दिवस लागत नाहीत.

माझ्या वाट्याला आला डीएस-160 हा फॉर्म. तुम्ही वंशसंहारात भाग घेतलाय का? बालसैनिक भरती केलेत का? कुणाचे अवयव जबरदस्तीने काढून दुसऱ्याला बसवलेत का? हे उद्योग केलेला माणूस इथे मात्र प्रामाणिकपणे ‘हो’वर टिचकी मारेल, इतका विश्वास मी माझ्या सख्ख्या भावावरही टाकणार नाही.

अडले ते एका साध्या प्रश्नावर. तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का? असल्यास नाव लिहा.

नवरा म्हणाला, गोत्र लिही. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने विचारलं, “माहेरचं की सासरचं?” अमेरिकन सरकारने दोन रकाने ठेवलेले नाहीत, असं मी सांगितलं.

“बरं, कुलदैवत विचारलंय का?”

“नाही गं.”

“मग विचारलंय तरी काय त्यांनी!”

शेवटी ‘नाही’ लिहिलं आणि दोन्हीकडच्या पूर्वजांची मनातल्या मनात माफी मागितली.

कॉन्सुलेटमधली मुलाखत चहा गाळण्याइतका वेळही चालली नाही. काम संपलं की परत जाणार ना, एवढं पक्कं करून घेतलं. व्हिसा दोन वर्षांचा, पण पुढे दोन-दोन वर्षांनी कितीही वेळा वाढवता येतो. थोडक्यात, जायचा इरादा कायम ठेवायचा आणि मुक्कामही. पुण्यातले जुने भाडेकरू हेच तर करत आले आहेत.

मग न्यू जर्सीतल्या मामेभावाला फोन केला. दादा एच-वन-बीवाला. 85,000 जागा आणि त्यांच्यावर तुटून पडलेली माणसं, यातून लॉटरीने तरलेला.

“लॉटरी कधी आहे तुझी?”

“याला लॉटरी नसते, दादा.”

“आणि नवऱ्याचं काय?”

“त्यालाही नोकरी करता येते.”

वहिनीची उमेदीची बरीच वर्षं एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर घरात गेली होती. पलीकडून बराच वेळ फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.

“ग्रीन कार्ड करणार असशीलच,” दादा एकदम म्हणाला. “जन्म कुठला गं तुझा?”

“पुण्याचा. तुला माहीत नाही का?”

“आणि त्याचा?”

“नाशिक.”

ग्रीन कार्डच्या रांगेत पासपोर्ट नाही, जन्मदेश बघतात. फार तर जोडीदाराच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांहून जास्त कार्डं सहसा येत नाहीत, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे.

दादाचा आवाज खुलला. “अगं मग ये की! माझ्या मागेच उभी राहा. रांगेत कुणीतरी ओळखीचं हवंच.” आणि तेवढ्यात वहिनीने मागून विचारलं, एडिसनमध्ये दोन बेडरूमचं बघू का तीन.