कॅमेऱ्याला स्टिकर, पासवर्ड चिठ्ठीवर

"वहिनी, भाऊजींचा लॅपटॉप आला का हो घरी?"

"कुठला येतोय! चार्जिंगची पिन सैल झाली होती, म्हणून सोमवारी दुकानात टाकलाय. आज आणतो, उद्या आणतो, चाललंय ह्यांचं. पण दुकानदार व्यवस्थित हं. पासवर्ड विचारून घेतला आणि चिठ्ठीवर लिहून झाकणालाच चिकटवला. विसरायला नको म्हणून."

एवढं ऐकलं आणि मी नळीचं पाणी तसंच सोडून भिंतीशी आले. (पिंपरी-चिंचवडला 2019च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी, त्यामुळे आमच्या निगडी प्राधिकरणातल्या गप्पाही दिवसाआडच रंगतात.)

"पिन बदलायला पासवर्ड कशाला लागतो? चार्जर लावला, दिवा लागला, झालं काम. बॅटरीचं तसंच, कीबोर्डचंही तसंच. कीबोर्डच्या कळा तर पासवर्डच्या चौकटीतच दाबून बघता येतात."

"सगळेच मागतात हो."

सगळेच मागतात, हे मात्र खरं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मंडळींनी हेच तपासलं आणि 2022मध्ये प्रसिद्ध केलं. नुसती बॅटरी बदलायची होती, तरी एक सोडून सगळ्या दुकानांनी पासवर्ड मागितला. मग त्यांनी आत गुपचूप नोंद ठेवणारे लॅपटॉप दुकानांत रात्रभर ठेवले. सहा ठिकाणी कारागिरांनी खासगी गोष्टी उघडून पाहिल्या होत्या. दोघांनी तर त्या स्वतःकडे उतरवूनही घेतल्या. बायकांच्या नावाच्या लॅपटॉपमध्ये डोकावणं जास्त. हे सगळं मी वहिनींना सांगितलं.

"शी! फोटो बघतात?"

"फोटोच. हाँगकाँगच्या एडिसन चेन नावाच्या नटाचे खासगी फोटो 2008मध्ये जगभर फिरले ना, ते दुरुस्तीला दिलेल्या त्याच्या लॅपटॉपमधूनच. कारागीर पुढं तुरुंगात गेला, पण फोटो परत आले का?"

वहिनींनी पदर खोचला. "आमच्या लॅपटॉपमध्ये कसले आलेत फोटो! अष्टविनायकाचे असतील फार तर. बाकी सगळं वर्कशॉपचं."

हेच तर. भाऊजींचं भोसरी एमआयडीसीत वर्कशॉप, जिग-फिक्श्चरची कामं, गिऱ्हाईक चाकणचं. चाकणच्या कंपन्यांत जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. गेटवर सिक्युरिटीवाला मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो, पुढच्याही आणि मागच्याही. पेन ड्राइव्ह असला तर गेटवरच ठेवून जायचा. का, तर आतल्या पार्टचं चित्र बाहेर जाऊ नये. आणि त्याच पार्टची मापासकट ड्रॉइंगं, ज्यांची गुप्तता पाळू म्हणून कंपनीला सही करून दिली, झाकणाला चिठ्ठी लावून दुकानाच्या फळीवर. सोबत कामगारांच्या पीएफसाठी घेतलेले आधार आणि बँक खात्यांचे नंबर. जीएसटीचा पासवर्डही ब्राउझरनं जपून ठेवलेला असणारच.

"मग काय, डिलीट करून द्यायचं होतं का सगळं?"

"नुसतं डिलीट करून भागत नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेल्या फाइली पुष्कळदा परत काढता येतात. त्यापेक्षा डिस्कच काढून घ्यायची. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते. मागचं झाकण उघडलं की एक स्क्रू. कारागिराकडूनच समोर उभं राहून काढून घ्यावी आणि पाकिटात घालून घरी आणावी. काहींत ती बोर्डालाच जोडलेली असते, तिथं इलाज नाही. तिथं विंडोजचं बिटलॉकर चालू हवं, म्हणजे आतलं सगळं कुलपात."

"ते आमच्यात आहे. मागे मदरबोर्ड बदलला तेव्हा निळी स्क्रीन येऊन अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागत होती. घरभर शोधली. शेवटी धाकट्याच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात निघाली, कारण लॅपटॉप त्यानंच चालू करून दिला होता."

हा धडा मला वहिनींकडून मिळाला. बोर्ड बदलायचा असेल तर आधी ती किल्ली कागदावर उतरवून घरी ठेवावी. किल्ली नाही तर आतलं चोरालाही नाही आणि मालकालाही नाही.

विंडोज उघडून दाखवावंच लागणार असेल, तर कारागिरासाठी वेगळं साधं खातं करून द्यावं. त्यातून आपल्या खात्यातल्या फोल्डरांत जाता येत नाही. मोबाईलचं त्याहून सोपं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेन्टेनन्स मोड असतो, तो लावला की कारागिराला फोन चालवून बघता येतो, फोटो आणि मेसेज दिसत नाहीत.

"पण दुकानदार ओळखीचा आहे हो. निगडीचाच. गणपतीला वर्गणी देतो."

"मी कुठं त्याला चोर म्हणते? पण फळीजवळ आणखी किती जण उठबस करतात? परवानगीशिवाय, लबाडीनं माहिती उतरवून घेतली तर 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण पासवर्ड तुम्हीच लिहून दिलात म्हटल्यावर परवानगी कशाची होती नि कशाची नव्हती, यावर वकील किती दिवस भांडतील सांगा बरं! बिलावर दोन ओळी लिहून घ्यायच्या, काम फक्त पिनचं, डेटा उघडायचा नाही."

"आता लॅपटॉप तर तिकडंच आहे. काय करू?"

"भाऊजींचा मोबाईल आणा. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडा, लॅपटॉप दिसेल, लॉग आउट करा. मग गुगलचा पासवर्ड बदला आणि बाकीची उपकरणंही बाहेर काढा. जीएसटी आणि बँकेचा पासवर्डही आजच बदला. आणि दुकानात फोन करून सांगा, चिठ्ठी काढून फाडून टाक."

वहिनींनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पोरगा म्हणाला, "काकू, पिन तर मंगळवारीच बसवली. चार्ज होतोय मस्त. पासवर्ड लागलाच नाही. साहेब न्यायला आले नाहीत म्हणून ठेवलाय."

"मंगळवारी! म्हणजे तीन दिवस तिथं नुसता पडून?" वहिनींनी फोन ठेवून माझ्याकडं पाहिलं.

"पडून होता असं धरून चाला, आणि भाऊजींना आत्ता पाठवा. दुकान बंद व्हायच्या आत."