असूदेकर

प्रत्येक सोसायटीत एक तरी असूदेकर असतात. दारावरच्या पाटीवर कुलकर्णी, शिंदे, डिसोझा काहीही असो. घरातलं कुणी काही टाकायला निघालं की "असू दे, लागेल कधीतरी" असं ज्यांच्या तोंडून आपोआप निघतं, ते सगळे एकाच कुळातले. यांच्याकडे श्रीखंडाच्या डब्यात हळद असते आणि हळदीच्या डब्यात रबरबँडं. डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यात बिस्किटं तर कधीच नसतात. तिथे बटणं, हुक, सुईदोरा आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. भेटवस्तूचा कागद फाडणं हे यांच्या मते असंस्कृतपणाचं लक्षण. सेलोटेपची कड नखाने उचलत उचलत कागद अख्खा निघेपर्यंत भेट देणाऱ्याने ताटकळत बसायचं. लग्नपत्रिका आली की ती पाठकोरी आहे का, हे असूदेकर आधी बघतात. लग्न कुणाचं, ते मग.

अशा माणसाला आपण कंजूष म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की त्याचा हिशेब एकदा नीट मांडावा, मग हसावं. मुंबईचं देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून कचरा गिळतं आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर बघायला मुंबईकरांना देवनारला जावं लागलं नाही, धूरच घरी आला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपल्या बादलीत काय असतं याची चौकशी करावीशी वाटली. या ढिगांच्या दृष्टीने असूदेकर उदार की चिक्कू, हा प्रश्नच गैरलागू आहे. न आलेली पिशवी ती न आलेलीच, मग ती पर्यावरणप्रेमातून अडली असो वा कवडीचुंबकपणातून. तेव्हा हेतू सोडून द्यावा आणि एवढंच विचारावं: ठेवलेल्या वस्तूमुळे एखादी नवी वस्तू विकत घेणं टळलं का?

कपड्यांच्या बाबतीत या परीक्षेत असूदेकर पहिल्या वर्गात पास होतात. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या शेतापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होतं असा अंदाज दिला जातो. म्हणजे सदरा चार वर्षं जास्त चालवणारा गृहस्थ, नळ ठिबकत ठेवून दात घासत असला तरी, बराच पुढे आहे. आणि असूदेकरांचा बनियन मरतच नाही. अंगावरून उतरला की तो टेबल पुसायचं फडकं होतो, मग फरशीचं, मग स्कूटरचं, आणि शेवटी सायकलच्या चेनचं तेल पिऊन काळाठिक्कर पडतो, तेव्हा कुठे त्याला सुटका मिळते. सुती लुगड्याची कारकीर्द याहून मानाची: विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की तिचंच पायपुसणं. बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलचं पातेलं घेण्याची पद्धत तर अशी, की तिने नेलेले कपडे डागडुजी होऊन पुन्हा जुन्या बाजारात कुणाच्या तरी अंगावर चढायचे. या व्यवहारात घासाघीस तासभर चालायची, पण कचरा शून्य.

आता आक्षेप, आणि तो खोटा नाही. असूदेकरांचा माळा. तिथे वस्तू चढतात, उतरत नाहीत. टीव्ही गेला तरी टीव्हीचं खोकं आहे. मिक्सर तिसरा चालू आहे आणि पहिल्या दोघांची भांडी झाकणांसकट वर आहेत. झुरळांना इतकी सुरक्षित वसाहत शहरात दुसरीकडे मिळणार नाही. "लागेल कधीतरी" या वाक्यातलं "कधीतरी" माळ्यावर कधीच येत नाही. वस्तू कचऱ्यातून वाचत नाही, तिचा कचरा होणं फक्त पुढच्या पिढीवर ढकललं जातं. शिवाय लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम यांना अडकवून ठेवणं हा उलटा तोटा आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला खनिजातून नवं काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. चेपलेलं पातेलं माळ्यावर ठेवण्यात बचत नाही, भंगारवाल्याला देण्यात आहे. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या कागदांच्या गठ्ठ्याशेजारी जपून ठेवणाऱ्या असूदेकरांना तर काटकसरी म्हणणंही धाडसाचं.

कापडी पिशव्यांचंही तसंच. प्रत्येक सत्कार, शिबिर आणि साडीच्या दुकानातून मिळालेली पिशवी असूदेकर घडी घालून ठेवतात आणि पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी असं दाराच्या खिळ्याला गाठोडं लटकतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता: हवामानावरच्या परिणामात साध्या, एकदाच वापरलेल्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. म्हणजे एकच मळकी पिशवी रोज मंडईत नेणारा जिंकला आणि चाळीस कोऱ्या पिशव्या जपणारा हरला.

पण माळ्यावर हसणाऱ्यांनी आपलं घरही बघावं. अलीकडे असूदेकरांना एक सुशिक्षित प्रतिस्पर्धी निघाला आहे. 'टाकाऊतून टिकाऊ'ची कार्यशाळा करून आलेला हा जीव काचेची एक रिकामी बाटली घेतो आणि तिच्यासाठी ॲक्रिलिक रंग, ग्लू गन, सुतळी, मोती आणि चिनी दिव्यांची माळ विकत आणतो. बाटली एक वाचली, वेष्टनं पाच आली. बरं, ती बाटली साधी होती तेव्हा भंगारवाला नेत होता. गोंद, रंग आणि सुतळी लागल्यावर तिला कुणी विचारत नाही. फुलं ठेवायला ती अरुंद, पाणी प्यायला नकोशी. दोन दिवाळ्या शोकेसमध्ये काढून ती शेवटी कचऱ्यातच जाते, फक्त जास्त नटून. यापेक्षा त्याच बाटलीत खोबरेल तेल भरणारे असूदेकर शंभर पटीने बरे. जुन्या काळी डालड्याच्या डब्यात तुळस लावणाऱ्यांनी तरी डब्याला सोनेरी रंग कुठे दिला होता?

आणि या सगळ्यात खरा पराक्रम कुणाच्या खात्यावर जमाच होत नाही. असूदेकर स्क्रू जपतात म्हणून त्यांचा लौकिक. पण आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भार ओल्याचा, आणि तो स्वयंपाकघरातून निघतो. तिथे असूदेकरबाई आहेत. दोडका सोलला की शिरांची चटणी, दुधी किसला की सालींची. कलिंगडाचा पांढरा गर थालीपिठात, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, तूप कढवल्यावर उरलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर. ताकाचं भांडं खळबळलेलं पाणी कढीपत्त्याला, चहाचा चोथा गुलाबाला. यांची बचत त्याच दिवशी पोटात जाते, तिचा ढीग दिसत नाही, म्हणून तिच्यावर विनोद होत नाहीत आणि सत्कारही होत नाही. माझ्या मते घराण्याच्या खऱ्या प्रमुख याच. एक कबूल करायला हवं, की यातला बराच भार बाईच्या कंबरेवर पडतो. शिरांची चटणी आवडणाऱ्याने निदान दोडका सोलून द्यावा.

कुणी म्हणेल, कंपन्यांनी टनावारी प्लास्टिक ओतायचं आणि आम्ही दोडक्याच्या शिरा मोजायच्या? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकवर बंदी आणली, २०२२ मध्ये केंद्राने वेष्टनं परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम काढले. ते कागदावर राहू नयेत म्हणून ओरड करायलाच हवी. पण वेफरचं चकचकीत, अनेक थरांचं पाकीट भंगारात जवळजवळ कुणी घेत नाही, हे वेष्टनाचं पाप कंपनीचं असलं, तरी ते घरात आणतो आपण. आणि सुका कचरा ज्या हातांतून जातो ते हात कंपनीचे नसतात. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासदांच्या मिळकतीचा एक भाग ठरतो आपल्या बादलीत किती कोरडा, विकण्याजोगा माल निघतो त्यावर. असूदेकरांच्या खिडकीच्या गजाला धुऊन उलट्या लटकवलेल्या दुधाच्या पिशव्या बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की अशा धुतलेल्या पिशव्या वास मारणाऱ्या पिशव्यांपेक्षा अधिक मोलाच्या असतात. तेव्हा उद्या सकाळी दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लोंबकळत ठेवा. सुटा पडलेला तो चिमटीएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो.