आमची भीती घालवल्याबद्दल आभार

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि समस्त संचालक,
क्रिकेट वेस्ट इंडीज, मुक्काम अँटिगा

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचं बरेच दिवस मनात होतं. १४ जुलै २०२५ रोजी किंग्स्टनच्या सबायना पार्कवर आपल्या संघानं ऑस्ट्रेलियाविरुद्धचा दुसरा डाव १४.३ षटकांत २७ धावांवर उरकला, तेव्हा मात्र राहवेना. काय ती सुटसुटीत कामगिरी! स्टार्कचं पहिलं षटक संपताना तीन बाद शून्य. सात जण भोपळा घेऊन परतले. दुहेरी आकडा गाठण्याचं पाप एकट्या जस्टिन ग्रीव्ह्जच्या माथी, तेही अकरापुरतं. कसोटीच्या इतिहासात याहून कमी धावा एकदाच झाल्या आहेत, १९५५ साली न्यूझीलंडच्या २६. म्हणजे विक्रम एका धावेनं हुकला, आणि तीही ऑस्ट्रेलियाच्या पोराच्या हातून चेंडू निसटला म्हणून पदरात पडली. मंडळाला चौकशी समित्यांची हौस आहेच, तेव्हा या सत्ताविसाव्या धावेचीही चौकशी व्हावी.

आपल्या तरुण संचालकांना कदाचित ठाऊक नसेल, पण याच सबायना पार्कचं नाव काढलं की आमच्याकडे रेडिओचा आवाज आपोआप कमी व्हायचा. १९७६ च्या एप्रिलमध्ये बेदीचा संघ तिथं पोहोचला तो मोठ्या ऐटीत. आदल्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून जिंकलेला. गावसकर आणि विश्वनाथ दोघांची शतकं. तीन-तीन फिरकी गोलंदाज खेळवून ही वेळ आली, म्हटल्यावर क्लाइव्ह लॉइडनं फिरकी गुंडाळून ठेवली आणि किंग्स्टनला वेगवान गोलंदाजांची रांग लावली. अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलचा ओठ फाटला. दुसऱ्या डावात ९७ वर पाच बाद झाले आणि उरलेल्या पाच नावांपुढे धावफलकावर एकच शेरा : जखमी, अनुपस्थित. तुम्हाला जिंकायला १३ धावा हव्या होत्या.

त्या मैदानावर आता तुमच्या अकराच्या अकरा जणांनी धडधाकट अवस्थेत २७ केल्या. आमचे निदान दवाखान्यात होते हो.

आणि नुसती दहशत होती, असंही नाही. १९६२ साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला आणि त्याचा जीव टांगणीला लागला, तेव्हा आमच्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगरांबरोबर तुमचा कर्णधार फ्रँक वॉरेलही रक्त द्यायला आडवा झाला. रक्त काढायचं आणि रक्त द्यायचं, दोन्ही कामं तुमचीच माणसं करत. १९७१ मध्ये अजित वाडेकरच्या संघानं तुम्हाला तुमच्या घरी हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईनं ६४२ धावा केल्या, नवख्या गावसकरनं चारच कसोटींत ७७४. त्यावर तुमच्या त्रिनिदादच्या गायकानं काय करावं? गावसकरवर चक्क कॅलिप्सो रचलं. हरल्यावर गाणं म्हणणारा संघ आम्ही दुसरा पाहिला नाही. (आमच्याकडे हरल्यावर खेळाडूच्या घरावर दगड पडतात.)

पुढे १९८० ते १९९५ या पंधरा वर्षांत तुम्ही एकही कसोटी मालिका हरला नाहीत. लॉर्ड्सवर १९८३ चा विश्वचषक आम्ही तुमच्या हातून काढून घेतला, तर चारच महिन्यांत आमच्या दारात येऊन पाचही एकदिवसीय सामने आणि तीन कसोट्या वसूल करून गेलात. त्या दौऱ्यात मार्शलचा जाच चुकवावा म्हणून गावसकर मद्रासला सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर आला, तर मार्शलनं दोघांना आधीच शून्यावर घालवलेलं. कितव्याही नंबरवर आलास तरी स्कोअर शून्यच, असं रिचर्ड्सनं त्याला ऐकवल्याचं सांगतात. गावसकरनं तिथं नाबाद २३६ केल्या, हा भाग वेगळा.

असा संघ मोडून काढणं सोपं काम नव्हे. ऑस्ट्रेलियाला जमत नव्हतं, इंग्लंडला तर अजिबात नाही. ते तुम्ही मंडळाच्या कचेरीत बसून करून दाखवलंत.

पहिला प्रयोग पुण्यात झाला, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. २९ फेब्रुवारी १९९६, स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम, विश्वचषकाचा सामना. समोर केनिया. त्यांचे १६६ सर्वबाद. पुणेकर पोहे संपवून दुपारच्या झोपेच्या तयारीत, कारण उरलेल्या कामात बघण्यासारखं काय होतं? आणि तुमचा डाव ९३ वर संपला. लाराचा झेल घेतला तारिक इक्बाल नावाच्या चष्मेवाल्या, गोलमटोल यष्टिरक्षकानं. तोवर चेंडू त्याच्या हातात कमी आणि पायाशी जास्त दिसत होता. तुमच्यातर्फे सर्वाधिक धावा चंदरपॉलच्या, १९. बाकी तारीख मात्र विचार करून निवडलीत. २९ फेब्रुवारीचं वर्षश्राद्ध चार वर्षांतून एकदाच घालावं लागतं.

त्याच स्पर्धेत मोहालीच्या उपांत्य सामन्यात २०८ चा पाठलाग करताना तुम्ही दोन बाद १६५ पर्यंत आलात आणि २०२ वर आटोपलात. सवय लागते ती अशीच. २००४ मध्ये इंग्लंडविरुद्ध एकाच मालिकेत सबायना पार्कवर सगळ्या संघाच्या मिळून ४७ आणि अँटिगात एकट्या लाराच्या नाबाद ४००. ते चारशे पाहून जगाला वाटलं, घर अजून उभं आहे. उभा होता तो एक खांब.

आता मंडळाच्या कारभाराकडे वळतो, कारण आभाराचे खरे मानकरी तुम्ही. वेस्ट इंडीज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. १९५८ मध्ये बेटांचं संघराज्य झालं आणि १९६२ मध्ये मोडलंही. उरला फक्त क्रिकेटचा संघ. बार्बाडोस, जमैका, गयाना, त्रिनिदाद, लीवर्ड, विंडवर्ड अशा सहा मंडळांची ही मोट. मुंबईतल्या सहा विंगच्या सोसायटीत जो राहिला आहे, त्याला पुढचं सांगायला नको. लिफ्ट बंद पडली तरी चालेल, पण सेक्रेटरी आमच्या विंगचा हवा. लॉइड कर्णधार होता तोवर लिफ्ट चालू होती, म्हणून ही भांडणं खालीच दाबलेली राहिली.

सोसायटीप्रमाणे तुमच्याकडेही अहवाल भरपूर. २००७ मध्ये जमैकाचे माजी पंतप्रधान पी. जे. पॅटरसन यांच्या समितीचा आला. २०१५ मध्ये कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेनं नेमलेल्या समितीनं तर स्पष्ट लिहिलं की मंडळ ताबडतोब बरखास्त करा. त्यावर तुम्ही केलेली कारवाई मला फार आवडते. २०१७ मध्ये पाटी बदललीत. 'वेस्ट इंडीज क्रिकेट बोर्ड'चं 'क्रिकेट वेस्ट इंडीज' केलंत. पाट्या बदलण्याचा अनुभव आमच्याही राज्याला दांडगा आहे, पण इतक्या कमी खर्चात क्रांती आम्हालाही जमलेली नाही.

पैशाच्या बाबतीतही तुम्ही कधी भेदभाव केला नाहीत; जो येईल त्याच्या गळ्यात हार. अॅलन स्टॅनफर्ड नावाचा गृहस्थ डॉलरची पेटी घेऊन लॉर्ड्सवर हेलिकॉप्टरनं उतरला, २००८ मध्ये दोन कोटी डॉलरचा एक सामना भरवून गेला आणि पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात ११० वर्षांसाठी आत गेला. खेळाडूंचा हिशेब मात्र कधी जुळला नाही. २००९ मध्ये त्यांनी संप केला, तर तुम्ही बदली संघ उतरवून बांगलादेशला घरच्या मैदानावर दोन्ही कसोट्या भेट दिल्यात. २०१४ मध्ये मानधनाच्या करारावरून तुमचा संघ धर्मशालेहून दौरा अर्धा टाकून घरी गेला. आमच्या बोर्डानं चार कोटी डॉलरच्या वर नुकसानभरपाई मागितली, हा कृतघ्नपणा होता. तुमच्या जागी घाईघाईनं श्रीलंकेला बोलावलं आणि त्याच मालिकेत ईडन गार्डन्सवर बोरिवलीच्या रोहित शर्मानं २६४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतला हा विक्रम अजून अबाधित आहे. तुम्ही थांबला असतात तर हा कुठला व्हायला?

२०१६ ची गोष्ट तर मराठी नाटकात शोभावी. वानखेडेवर आम्हाला हरवून तुमचा संघ कोलकत्याला गेला आणि ब्रेथवेटनं इंग्लंडच्या स्टोक्सला सलग चार षटकार मारून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला. बक्षीस घेताना कर्णधार डॅरेन सॅमीनं जगाला सांगितलं की अंगावरच्या जर्सीसुद्धा व्यवस्थापकाला धावपळ करून कोलकत्यात मिळवाव्या लागल्या. काही महिन्यांतच तुम्ही फोन करून त्याचं कर्णधारपद काढून घेतलंत. अर्ध्या मिनिटात बोलणं संपलं, असं तो म्हणतो. आज तोच सॅमी तुमचा मुख्य प्रशिक्षक आहे. फोनचं बिल वाचलं म्हणायचं.

इथवर सगळं श्रेय मंडळाचं. पण प्रामाणिक आभारपत्रात आपलाही खारीचा वाटा नोंदवावा, म्हणून सांगतो. तुमची पोरं पूर्वीही पोटासाठी परदेशी जात. मार्शल हॅम्पशायरला, गार्नर सॉमरसेटला, लॉइड लँकेशायरला. पण काउंटीत दिवसभर गोलंदाजी करावी लागे. मार्शलनं १९८२ च्या एका मोसमात १३४ बळी घेतले आणि तो तावून-सुलाखून तुमच्याकडे परत आला. आम्ही गिऱ्हाईक म्हणून जास्त समंजस. आयपीएलमध्ये आम्ही चारच षटकं मागतो आणि सहसा परत पाठवत नाही. पोलार्ड एकही कसोटी न खेळता वानखेडेवर आमच्या घरचा झाला. आता मुंबई इंडियन्सच्या फलंदाजांना शिकवतो. नारायण सहा कसोट्या खेळून कोलकत्याचा झाला. पूरननं २०२५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तुमच्या टोपीचा रीतसर राजीनामा दिला. त्या पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आयसीसीच्या उत्पन्नाच्या वाटपात आमच्या बोर्डाला साडेअडतीस टक्क्यांच्या आसपास आणि तुम्हाला जेमतेम साडेचार. त्या साडेचारांतून सहा विंगचे सेक्रेटरी आधी. उरतं काय? तुमच्या संघाच्या पडझडीवर हळहळणारे आम्ही आणि तुमच्या खेळाडूंवर बोली लावणारे आम्ही. हळहळ फुकट असते, म्हणून ती आम्ही सढळ हातानं करतो.

एक तक्रार मात्र आहे. मधूनच तुमचा संघ शिस्त मोडतो. २०२३ मध्ये स्कॉटलंडकडून हरून एकदिवसीय विश्वचषकाच्या बाहेर राहिलात, आम्ही निश्चिंत झालो. तर जानेवारी २०२४ मध्ये ब्रिस्बेनला शामार जोसेफ नावाचा पोरगा उभा राहिला. गयानातल्या बाराकारा गावचा, जिथं नदीनं होडीतून जावं लागतं. काही काळापूर्वीपर्यंत सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा. स्टार्कच्या यॉर्करनं पायाचा अंगठा ठेचलेला असताना त्यानं ६८ धावांत सात बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियात २७ वर्षांनी तुम्ही कसोटी जिंकलीत, आठ धावांनी. समालोचनाच्या खोलीत लारा रडला. आम्हीही क्षणभर गलबललो. मग पंधरवडा उलटायच्या आत आमच्या लखनौच्या संघानं तीन कोटी रुपये मोजून त्याला आणलं आणि बहुतेक काळ बाकावर बसवलं.

तसंच २०२५ च्या सप्टेंबरात शारजात नेपाळकडून ट्वेंटी-२० मालिका हरलात, ऑक्टोबरात अहमदाबादची कसोटी तीन दिवसांत सोडलीत, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि डिसेंबरात ख्राइस्टचर्चला काय केलंत? ५३१ च्या पाठलागात सहा बाद ४५७. त्याच ग्रीव्ह्जनं, २७ मधल्या त्या अकरावाल्यानं, दिवसभर उभं राहून नाबाद २०२ काढल्या आणि सामना वाचवला. असल्या प्रकारांनी जुन्या लोकांचा रक्तदाब वाढतो. मनात नको त्या आशा येतात. त्याला समज द्यावी.

२७ नंतर तुम्ही लॉइड, रिचर्ड्स आणि लारा यांना तातडीच्या बैठकीला बोलावलंत, हे वाचलं. उत्तम. चहा चांगला द्या. अहवाल ठेवायला कपाटात जागा नसेल तर सहाही विंगमध्ये एकेक प्रत वाटून टाकावी.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
गल्ली क्रिकेटमधला एक निवृत्त सलामीवीर, दादर

ता. क. : बाराकाराच्या त्या नदीकाठी आणखी कोणी ताशी १४५ किलोमीटर वेगानं टाकणारा पोरगा असल्यास आधी आम्हाला कळवावे. कसोटीत उतरवायची घाई करू नये. अंगठा ठेचला तर लिलावात भाव पडतो.