दाजींचं आभाळ
अधिक महिना साधारण 33 महिन्यांनी येतो. आमचे दाजीही. 2018 च्या अधिक ज्येष्ठात ते पुण्याहून माजलगावला धोंडे खायला आले, तेव्हा कपड्यांची पिशवी एकच होती. बाकीचे तीन नग रंगांचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जलरंगांचा क्लास लावला होता. निसर्ग जागेवर बसूनच रंगवायचा, फोटोवरून नाही, अशी सरांची ताकीद. सर पुण्यात, जागा आमच्याकडं, आणि छत्री धरायला मी.

सकाळी आठला आम्ही धरणावर. घडीचं स्टूल, लाकडी पाट, चिमटे आणि 300 जीएसएमचा कागद. तो कागद माझ्या हातात देताना दाजी असे बघत, की मी आता त्यावर भजी काढणार.

आभाळ रंगवायचं तर कागद ओला करून एका दमात रंग ओढावा लागतो. मेच्या उन्हात दाजी डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडं पोचेपर्यंत डावीकडचं वाळून खडखडीत. मध्ये कडा उमटायची. तिसऱ्या कडेला दाजी म्हणाले, "तुमच्याकडचं ऊन फार उद्धट आहे हो!" सासुरवाडीवरचा हा ठपका मी गिळला.

दुपारी ढग आले. "थांब जरा," दाजी म्हणाले. मी थांबलो. ते ढगाला म्हणत होते. सही होईपर्यंत काउंटरवरून हलायचं नाही, ही तीस वर्षांची सवय. ढग गेला. दाजींनी त्या जागी दुसरा काढला, तोही गेला. चार वाजता त्यांच्या आभाळात आठ ढग होते, प्रत्यक्षात एक.

एव्हाना माणसं जमली होती. इथं कुणी कागद घेऊन पाण्याकडं बघत बसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर हे धरण झालं. पैठणचा उजवा कालवा 132 किलोमीटर चालत येऊन यात पाणी ओततो. त्या पाण्याखाली कुणाकुणाची रानं आहेत.

"मोजणी का सायेब?" धोतरातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही, निसर्गचित्र."

"बरं. मग कोणता गट जातोय?"

दाजींनी जलरंगाचं माहात्म्य सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. शेळ्यांमागचं पोरगं मात्र वाकून चित्रच बघत होतं. "काका, बाभळीची सावली दोन्हीकडं कशी?"

एक सकाळी आठची, एक दुपारी चारची. दाजींनी खोडरबर शोधल्यासारखं केलं.

म्हाताऱ्यानं मग पाण्याकडं बोट केलं. "तिथं आमची चिंच होती. तेवढी काढा."

"दिसत नाही हो ती."

"मला दिसतीय की!"

दाजींची पंचाईत झाली. डोळ्यांसमोर असेल तेच काढायचं, हे सरांचं पहिलं कलम. पण म्हातारा बोट खाली घेईना. शेवटी दाजींनी पेन्सिल काढली. खोड कसं, फांदी कुठं वाकलेली, पार किती उंच, म्हातारा सांगत गेला आणि दाजी काढत गेले. दिवसभरात तेवढा वेळ त्यांनी आभाळाकडं पाहिलं नाही.

आभाळानं ते मनावर घेतलं असावं. पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. मी छत्री उघडली. ती उलटी झाली. कमळासारखी झालेली छत्री आणि पाट छातीशी धरलेले दाजी, असे आम्ही मोटरसायकलकडं धावलो. टपोरे थेंब कागदावर थाडथाड पडत होते. "वॉश मस्त पसरतोय रे!" दाजी ओरडले. एवढा आशावाद मी बँकेत कधी पाहिला नाही.

घरी आईनं धोंड्यांचं ताट वाढलं आणि पाटावरचा कागद दिव्यापाशी धरला. आठ ढग, धरणाची भिंत, बाभळीच्या दोन्ही सावल्या वाहून खाली मातकट चिखल साचला होता. मध्ये पेन्सिलीची चिंच, पारासकट.

"झाड छान आलंय," आई म्हणाली.

दाजींनी काही न बोलता आणखी एक धोंडा मागितला.